भोकांचं कपाट

दसरा होऊन गेला तरी पाऊस काही कोल्हापूर सोडायला तयार नव्हता. आता ह्याला काय म्हणावं! यायचं, चार महिने राहायचं आणि सोनं लुटायच्या आधी गुमान निघायचं, ही पावसाची रीत. त्या साली त्यानं ती पार गुंडाळून ठेवली. गंगावेशीजवळच्या बोळात गौस पत्रेवाल्याचं घर होतं. त्याच्या पन्हाळीखाली लावलेली घागर दिवसातून चारदा भरत होती, आणि घरात त्याच्या बायकोचा, मेहमुदाचा, जीव खालीवर होत होता. तिची सासू जुलेखा पंधरा दिवसांनी हजला निघणार होती, आणि वाटेत खायचं सुकं मटण करायचं काम तिनं मेहमुदाच्या अंगावर टाकलं होतं.

महाराजांना गादीवर बसून तेव्हा सतरा वर्षं झाली होती. हजला जायचं म्हणजे मिरजेवरून आगगाडीनं मुंबई, तिथं आगबोट मिळेपर्यंत मुसाफिरखान्यात मुक्काम, मग पंधरा-वीस दिवस पाण्यावर. बोटीवर कोण ताट वाढून ठेवत नसे. ज्याचं त्यानं न्यायचं, ज्याचं त्यानं शिजवायचं. म्हणून तांदूळ, डाळ, तुपाचा डबा आणि मटणाच्या चान्या असं सगळं घरनं बांधून न्यायचं. चान्या म्हणजे मटणाच्या लांब पातळ पट्ट्या. मीठ, हळद, लसूण लावून कडक वाळवायच्या, आणि लागतील तशा मूठभर काढून शिजवायच्या. चांगल्या वाळल्या तर वर्षभर काही होत नाही. नीट वाळल्या नाहीत, तर मात्र...

तर मात्र काय होतं, ते मेहमुदाएवढं कुणाला ठाऊक होतं!

पाच वर्षांमागं तिचा सासरा सिकंदरमिया असाच हजला निघाला होता. मेहमुदाच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झालेले. नव्या सुनेच्या हातचं न्यायचं म्हणून त्यानंच हौसेनं तिला चान्या करायला सांगितल्या. नेमका कार्तिकात अवकाळी पाऊस आला. अर्ध्या वाळलेल्या चान्या तिनं चुलीवर जाळ घालून घाईघाईनं वाळवल्या. वरून काळ्या, कडकडीत. तिला वाटलं, झालं काम. आतला ओलावा आतच राहिला होता. मुंबईत दहा दिवस बोटीची वाट बघण्यात गेले. सुनेनं केलेलं टाकायचं कसं, म्हणून म्हातारा वास मारणाऱ्या चान्या गुपचूप खात राहिला. जुलाब लागले. बंदरावर बोटीच्या डॉक्टरनं नाडी बघितली, डोळे बघितले आणि त्याला बाजूला काढलं. बोट त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

घरी आल्यावर सिकंदरमिया एवढंच म्हणाला, "आगबोट चुकली." शिमग्याच्या आत तो वारला. सोबत गेलेला जुलेखाचा भाऊ ख्वाजामामू, त्याच्या तोंडून खरं काय ते मेहमुदाला कळलं. घरात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. पाच वर्षं ती गोष्ट तिच्या पोटात तशीच पडून होती.

आणि आता सासू म्हणत होती, "चान्या मेहमुदाच करंल."

"अम्मा, मामीला सांगा की," मेहमुदा म्हणाली. "त्यांचा हात बसलाय."

"मामीचं डोळं गेल्यात. तिला हळद कळना, का मीठ कळना."

"मग बाजारातनं..."

"मी सांगितलं न्हवं? तूच करायच्यास." जुलेखानं सुपारी कातरली आणि विषय संपवला. साठीची बाई, काठीसारखी बारीक, पण एकदा बोलली की बोलली. तिच्यापुढं गौससुद्धा मान खाली घालून उभा राहायचा, तिथं मेहमुदाची काय कथा!

गौसला मात्र ह्यात काही अवघड दिसेना. त्याला कधीच काही अवघड दिसत नसे, हीच त्याची खोड. "ऊन न्हाय तर न्हाय," तो म्हणाला. "मी कपाट करतो पत्र्याचं. खाली शेगडी, वर मटण. ऊन हितंच आणतो की घरात!"

आणि त्यानं खरंच कपाट केलं. राधानगरीकडं धरणाचं काम निघालं होतं, तिथल्या कंदिलांच्या दुरुस्त्या त्यानं बाजूला सारल्या आणि तीन दिवस तो कोऱ्या पत्र्याला भिडला. छातीएवढं उंच कपाट. खालचा कप्पा पुढून उघडा, तिथं निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. त्यावर पत्र्याचा तळ, म्हणजे राख वर उडायला नको. तळाच्या वर बुरडाकडून विणून आणलेल्या बांबूच्या तीन तट्ट्या, एकीवर एक, त्यांच्यावर मटण पसरायचं. पुढं दार. दार कसलं, डब्याचं झाकणच ते. असं घट्ट बसायचं की उघडताना फट्‌ असा आवाज यायचा.

सगळे सांधे त्यानं कथलानं झाळून घेतले. मग काय केलं असेल? कपाट उताणं पाडलं आणि आत पाणी भरलं! घागरीमागून घागर. पाऊण तास सगळ्यांना भोवती उभं केलं.

"बघा. एक थेंब गळतोय का बघा."

"मटण वाळवायचं हाय का मासं पाळायचं हाईत?" जुलेखा म्हणाली.

गौस हसला, पण त्याची छाती फुगली होती. त्याच्या बापाचं गावात नाव होतं त्यासाठीच. सिकंदरमियाच्या डब्यात कापूस ठेवून डबा पंचगंगेत बुडवला तरी कापूस कोरडा निघायचा, असं लोक सांगत. गळणारा डबा दुकानातून बाहेर जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्या माणसानं पोराला मारून मारून शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी मेहमुदानं मुलाण्याकडनं मांडीचं शेरभर मटण आणलं. चरबीचा कण न कण काढला, कारण चरबी आधी खवट होते. उभ्या धाग्यानं पातळ पट्ट्या कापल्या, मीठ-हळद लावली, तट्ट्यांवर पसरल्या. खाली शेणींच्या निखाऱ्यांची आर घातली आणि झाकण लावलं. दिवसभर ती कपाटापुढं बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गौसनं ऐटीत झाकण ओढलं. फट्‌!

आतून भपकारा आला तो काय विचारता! पत्र्याच्या भिंतींवरून पाणी ओघळत होतं. वरच्या पत्र्याला थेंब लोंबकळत होते आणि टपाटपा मटणावर पडत होते. मटण वाळलं तर नव्हतंच, उलट पांढुरकं, बुळबुळीत होऊन बसलं होतं. मेहमुदानं नाकाला पदर लावला.

"ऊब कमी पडली," गौस म्हणाला. "जाळ वाढवू."

ते मटण गेलं कुत्र्यांना. दुसरं शेरभर आणलं आणि जाळ वाढवला. ह्या वेळी तिसऱ्या प्रहरालाच चान्या काळ्या पडल्या, वाजायला लागल्या. गौस खूश. पण शेगडीच्या आचेनं तळाच्या सांध्याचं कथील विरघळलं आणि खाली राखेत त्याचे चकचकीत थेंब पडले. ते बघून गौसचा चेहरा असा उतरला, जसं काही घरातलं माणूस पडलं.

मेहमुदाचं लक्ष कथलाकडं नव्हतं. तिनं एक चानी घेतली, सुरीनं मधोमध चिरली. आत लाल. ओलं. बोट लावलं तर चिकट.

वरून काळं, आतून ओलं. हेच, अगदी हेच पाच वर्षांमागं तिनं पिशवीत भरून दिलं होतं आणि सासऱ्यानं मुंबईत बसून खाल्लं होतं. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. पुन्हा तेच होणार. ह्या वेळी सासू. कागलची आत्या, शाहूपुरीची नणंद, कुणी काही बोलणार नाही, सगळे मूग गिळून बसतील, आणि ती जन्मभर त्यांच्या न बोललेल्या शब्दांवर जेवत राहील. जायला आता नऊच दिवस राहिले होते.

तेवढ्यात धोंडुबाई आली. दूध घालणारी बाई. माहेर मलकापूरचं, सासर इथं दुधाळीजवळ. बोलणं असं की दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जावं. तिनं डोक्यावरचं इरलं काढून ओसरीला टेकवलं, दुधाची चरवी ठेवली आणि कपाटाभोवती एक चक्कर मारली.

"ह्ये काय गं? तिजोरी?"

"मटण वाळवायला केलंय, मावशी." मेहमुदाचा आवाज रडवेला झाला होता. "वाळंना. कमी ऊब दिली तर उकडतंय, जास्ती दिली तर वरनं करपतंय."

धोंडुबाईनं झाकण उघडलं, मिटलं. फट्‌. पुन्हा उघडलं. वर बघितलं, खाली बघितलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन् वाफ जायाची कुठनं?"

"म्हंजे?"

"आगं, आमच्या मलकापुराकडं चार-चार महिनं सूर्व्या दिसत न्हाय. आमी काय वाळवत न्हाय व्हय? चुलीवर उंच तट्टी टांगतो आन् मिरच्या म्हणू नगं, मासळी म्हणू नगं, समदं तिच्यावर. पर वरचं एक कौल सरकवून ठेवतो. खालनं वारं शिरलं पायजे, वरनं वाफ गेली पायजे. हितं तर तुमी तिला कोंडून घातलीया. मग ती बिचारी मटणातनं निघती आन् मटणावरच पडती. जाळ तर नगोच नगो. नुसती ऊब. ऊब आन् वाट."

एवढं बोलून ती दूध ओतून गेलीसुद्धा. मेहमुदा त्या कपाटाकडं बघत राहिली. एवढी साधी गोष्ट! घरात भात शिजतो तेव्हा झाकण किलकिलं ठेवायचं कळतं, आणि इथं तीन माणसांच्या डोक्यात ते येऊ नये? तिला स्वतःचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि त्याहून जास्त उमेद आली.

पुढच्या खोलीत गौसचं दुकान होतं. तो वितळलेला सांधा पुन्हा झाळत बसला होता.

"अहो, कपाटाला भोकं पाडायची," ती म्हणाली. "खाली धा-बारा, वर धा-बारा."

गौसनं मान वर केली. "काय पाडायची?"

"भोकं. वाफ जायला."

"तुला याड लागलंय का? सिकंदर पत्रेवाल्याच्या पोरानं आपल्या हातानं केलेल्या वस्तूला भोकं पाडायची? गाव तोंडात शेण घालंल माझ्या! अगं, भोकं बुजवून आम्ही पोट भरतो. आन् तू सांगतीस पाडा?"

"गावाला कशाला दाखवायचं? घरातच हाय की."

"घरात असूंदे न्हायतर विहिरीत असूंदे. भोकाचं काम माझ्या हातनं व्हणार न्हाय. दुसरं काय असंल तर सांग."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मेहमुदा मागं वळली. कोनाड्यातून मोठा खिळा घेतला, गौसचीच जुनी हातोडी घेतली, आत गेली, आणि कपाटाच्या वरच्या अंगाला खिळा टेकवून हाणला. ठण्ण! आयुष्यात तिनं कधी हातोडी धरली नव्हती. पहिलं भोक तिरकं गेलं, पत्र्याला पोचा आला. दुसरा घाव बोटावर बसला. तिसरा खिळ्यावर. ठण्ण!

गौस धावत आत आला. तळपायाची आग मस्तकात गेली होती त्याच्या. "ठेव! ठेव म्हणतो न्हवं ती हातोडी!"

"न्हाय ठेवत."

ह्या घरात तिनं पहिल्यांदाच असा शब्द उच्चारला होता. तो जागच्या जागी थांबला.

"तुमच्या कपाटाची इज्जत जाईल व्हय? जाऊंदे," मेहमुदा म्हणाली. तिच्या बोटातून रक्त येत होतं आणि ती रडत होती, पण आवाज खणखणीत होता. "माझ्या हातच्या खाण्यानं ह्या घरातलं एक माणूस गेलंय. अब्बांची बोट चुकली न्हवती. मी चुकवली. तुमी कुणी बोलला न्हाईसा, म्हणून काय मला ठावं न्हाय? आता अम्मा चालल्यात. त्यांस्नी मी तसलं खायला देणार न्हाय. तुमी कपाटात पाणी भरून बघत बसा, मी भोकं पाडणार."

दाराशी जुलेखा उभी होती. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

मग गौस पुढं आला. त्यानं मेहमुदाच्या हातातून हातोडी घेतली. त्या तिरक्या भोकावरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं.

"असली वाकडी भोकं पाडत्यात व्हय?" तो खाकरून म्हणाला. "सर जरा."

त्यानं दोरी धरून रेघ मारली, पट्टीनं अंतर घेतलं, आणि दुकानातला टोचा आणून खाली बारा आणि वर बारा भोकं पाडली. एका रांगेत, एका मापाची, कड कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. संपल्यावर दोन पावलं मागं सरकून बघितलं. "आता गळंल," तो म्हणाला, "पर नीट गळंल." मेहमुदाला रडता रडता हसू आलं.

तिसऱ्यांदा वाटेला पुरेल एवढं मटण आणलं, तेव्हा मेहमुदानं चानी आणखी पातळ कापली. शेगडीत जाळ नाही, नुसती आर, तिच्यावर राखेचा थर. ऊब किती हवी, ह्याचं माप तिनंच ठरवलं. वरच्या तट्टीवर हात धरायचा आणि तीनदा दरूद, पैगंबरांसाठीची दुवा, म्हणायचा. तोवर हात सुखानं राहिला तर बरोबर. आधीच मागं घ्यावा लागला तर आरेवर आणखी राख. तास-तासाला ती हे करत होती. जुलेखा जपमाळ घेऊन शेजारी येऊन बसायची, कधी स्वतःच हात घालायची आणि म्हणायची, "पोळत न्हाय. चालूंदे."

वरच्या भोकांतून वाफेचे बारीक धागे निघायचे आणि खोलीत विरायचे. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मेहमुदा त्यांच्याकडं कितीतरी वेळ बघत बसली. आत कोंडलेलं काहीतरी बाहेर पडतंय, एवढं बघूनच तिला हायसं वाटत होतं.

दोन दिवसांनी चान्या झाल्या. गडद, हलक्या, वाकवल्या की घडीवर तडकायच्या पण तुटायच्या नाहीत. तिनं एक चिरली. आतून कोरडी. दुसरी चिरली. कोरडी. तिनं इतक्या चिरल्या की शेवटी जुलेखा ओरडली, "अगं, सगळ्याच चिरून ठेवतीस का? मी काय भुगा घिऊन जाऊ?"

तरी मेहमुदाची खात्री पटेना. रोज दुपारी ती एक चानी काढायची, शिजवायची, आणि एकटीच खायची. म्हणजे पोट बिघडायचं तर आधी आपलं बिघडेल. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी जुलेखानं तिला गाडग्यासकट पकडलं.

"वा गं! सासूचं वाटेच्या तोशाचं मटण चोरून खातीस व्हय?"

मेहमुदा ओशाळली. "न्हाय अम्मा. बघतीया."

"काय बघतीस?"

मेहमुदानं गाडगं मागं सारलं. जुलेखानं तिच्याकडं क्षणभर बघितलं, समोर फतकल मारून बसली आणि गाडग्यातली अर्धी चानी स्वतःच्या तोंडात टाकली. "मग दोघी मिळून बघू," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी स्टेशनवर गौसनं आईच्या हातात एक छोटा गोल डबा दिला. मक्केतल्या पवित्र झमझम विहिरीचं पाणी आणायला. त्याला फिरकीचं बूच होतं, आणि सांधा असा की नखाला लागू नये. "ह्याला भोक न्हाय," तो म्हणाला. मेहमुदानं चान्यांची कापडी पिशवी स्वतःच्या हातानं सासूच्या बोचक्यात ठेवली.

"अम्मा, जरा जरी वास आला तर टाकून द्या. माझी शपथ हाय. वाईट वाटून घेऊ नगा, खाऊ नगा."

"बरं," जुलेखा म्हणाली.

"ख्वाजामामू, तुमीबी बघा."

"बघतो गं माये, बघतो." ह्या वेळीही सोबत निघालेल्या मामूनं कानाला हात लावला. गाडी हलली.

पुढचे दिवस मेहमुदानं कसे काढले, ते तिचं तिला माहीत. गौस जेवायला बसला की तिला मुंबईचा मुसाफिरखाना दिसायचा. बोळात टपालवाला शिरला की ती हातातलं काम टाकून दाराशी यायची. अठराव्या दिवशी तो त्यांच्या दाराशी थांबला. ख्वाजामामूचं कार्ड होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. गौसनं अक्षरं लावत लावत वाचलं. मुंबईत तेरा दिवस बोट नव्हती. मग मिळाली. डॉक्टरनं दोघांना पास केलं. 'जुलेखाआपाची तब्येत ठणठणीत. तिला तपासून तपासून डॉक्टरच बारीक झाला आहे.'

"चढली!" गौस ओरडला. "अगं, चढली अम्मा बोटीत!"

मेहमुदाचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. अजून पाणी होतं, वाळवंट होतं, आणि परतीची वाट होती. कार्ड तिनं कपाटात ठेवलं, वरच्या तट्टीवर. कपाट आता रिकामंच होतं. धोंडुबाईनं मात्र बघून बघून ते डोक्यात घेतलं होतं. "माझ्याबी मिरच्या वाळवून दे की गं," म्हणून ती मागं लागली, आणि मग तिचं बघून गल्लीतल्या आणखी दोघी. भोकं पाडलेलं कपाट करून द्या म्हणून गौसच्या दुकानात बाया येऊ लागल्या. तो आधी तोंड वाकडं करायचा आणि मग भोकं किती, कुठं, कोणत्या मापाची, ह्यावर अर्धा तास बोलायचा.

माघात, एका सकाळी, बोळाच्या तोंडाशी टांगा थांबला. खाली उतरली ती जुलेखाच. काळवंडलेली, आणखी वाळलेली, पण ताठ. गल्ली गोळा झाली. कुणी हात चुंबले, कुणी पाया पडले, धोंडुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वरून म्हणाली, "आजी, तुमीबी कपाटातनं काढल्यासारख्या वाळलाय की!" जुलेखा मनापासून हसली. मेहमुदा मागं दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सासूला आपल्या पायांवर चालताना ती डोळे भरून बघत होती.

माणसं पांगल्यावर जुलेखानं बोचकं सोडलं. झमझमचा डबा काढला. गौसनं तो उलटा केला, हलवला, कानाशी धरला. थेंब गळला नव्हता. मग तिनं चान्यांची पिशवी काढली. तळाशी मूठभर चान्या उरल्या होत्या.

मेहमुदाचा चेहरा पडला. "अम्मा, उरल्या? वास आलता व्हय?"

"वास आला असता तर मी चार महिनं बरोबर वागवल्या असत्या?" जुलेखा म्हणाली. "बस हितं."

मेहमुदा बसली.

"माझा हज झाला. मग मी एक उमरा, छोटा हजच म्हण, केला, तुझ्या सासऱ्याच्या नावानं. त्याचं ऱ्हायलं होतं ना! आन् त्याच्या नावानं माणसं जेवू घालायची म्हणून हांडी चढवली. तांदूळ तिथं घेतलं, पर मटण तुझंच घातलं. धा माणसं जेवली. एक म्हातारा तर बुखाऱ्याचा होता, काय बोलत होता अल्लाला ठावं, पर तीनदा मागून घेतलं त्यानं." ती थांबली. मेहमुदाचा हात तिनं आपल्या हातात घेतला. "तुझ्या सासऱ्याच्या नावानं, तुझ्या हातचं, धा माणसांनी मक्केत खाल्लं, मेहमुदा. दुसऱ्या दिवशी मी एकेकाला शोधून इचारलं. कुणाचं पोट दुखलं न्हाय."

मेहमुदानं तो हात घट्ट धरला.

"पाच वरसं तू कोंडून ठेवलंस," जुलेखा म्हणाली. "मला दिसत होतं. मीबी बोलले न्हाय, ती माझी चूक. बोलून तुला पटलं नसतं, म्हणून चान्या तुलाच करायला लावल्या. दुसरीनं केल्या असत्या तर तू जलमभर तशीच बसली असतीस."

मेहमुदानं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती रडली, अगदी मोठ्यानं, लहान पोरीसारखी. पाच वर्षांचं सगळं रडून घेतलं. जुलेखा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गौस उगाचच झमझमच्या डब्याचं बूच फिरवत बसला होता.

"बरं, आता उठ," थोड्या वेळानं जुलेखा म्हणाली. "भाकरी टाक. हितनं मक्केला गेल्याल्या आन् परत आल्याल्या चान्या हाईत ह्या. शिजव. सगळ्यांनी मिळून खाऊया."

मेहमुदानं डोळे पुसले, चूल पेटवली आणि चान्या गाडग्यात टाकल्या. पाण्यात त्या हळूहळू फुगू लागल्या, लसणाचा वास घरभर झाला. तिनं गाडग्यावर झाकण ठेवलं, जरासं किलकिलं. जेवायला बसल्यावर पहिला घास तिनंच घेतला, पण ह्या वेळी बघायला म्हणून नाही. तिला भूक लागली होती.